प्रवास त्यांचा, मावंदं आमचं

यात्रेला न जाता यात्रेचं पुण्य पदरात पाडून घेण्याची सोय आपल्या पूर्वजांनी फार आधीपासून करून ठेवली आहे. काशीला जायचं, काशीला जायचं, असं रोज नुसतं म्हणत राहिलं तरी काशीला गेल्याचं फळ मिळतं, असं आमची आजी सांगत असे. ती आयुष्यभर म्हणत राहिली. गेली मात्र नाशिकच्या पुढे कधीच नाही. यात तिला काही वावगं वाटत नसे. उलट जे खरोखरच जाऊन येत, त्यांना रोज तोंडाने म्हणण्याची शिस्त नसल्यामुळे बिचाऱ्यांवर पायपीट करण्याची पाळी आली, असाच तिचा एकूण भाव असे.

बरं, जे जाऊन येत त्यांनाही समाजाने मोकळं सोडलं नव्हतं. काशीहून परतलेल्या माणसाला मावंदं घालावं लागे. गंगेच्या गडूची पूजा, सगळ्यांना तीर्थ आणि मग जेवणावळ. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला यात धर्माच्या आधी हिशेब दिसतो. तुम्ही गंगेत बुड्या मारत होतात, तेव्हा गावाने तुमचं घर सांभाळलं, तुमच्या म्हशीला वैरण घातली, तुमच्या आईला ताप आला तेव्हा काढा करून दिला. तेव्हा मिळालेल्या पुण्याचा काही भाग गावाच्या खात्यात जमा झालाच पाहिजे. आयकर खातं ज्याला उगमस्थानी करकपात म्हणतं, ती काशीच्या बाबतीत आपल्याकडे पूर्वीपासून चालू होती. फक्त आपण ती उगमाऐवजी मुक्कामाला कापत होतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की मी स्वतः मावंद्याला बसणाऱ्या पंगतीतला माणूस आहे. बँकेच्या नोकरीत एलएफसी नावाची एक सवलत असते. रजा घ्या, बायकामुलांना घेऊन कुठेतरी जा आणि भाडं बँकेकडून घ्या. ज्याला जायचं नसेल त्याला ती रोखीतही घेता येते. मी ती दर वेळी रोखीत घेतली. एकदा त्या पैशांत घराची गच्ची गळायची थांबली, एकदा मुलीचे दात सरळ झाले. आमच्या घरात गच्चीला केरळ म्हणतात आणि मुलगी हसली की आम्हाला काश्मीर दिसतं. बाकीचं जग मी वाचनालयाच्या वर्गणीत पाहतो.

सहकाऱ्यांना माझी कीव येते. त्यांतले एक गृहस्थ परवा युरोप करून आले. दहा दिवसांत सात देश. मी उत्सुकतेने विचारलं, ‘व्हिएन्ना कसं वाटलं?’ थोडा वेळ आठवून ते म्हणाले, ‘छान. तिथे पोह्यांत शेंगदाणे होते.’ मी वाचलेलं व्हिएन्ना याहून बरंच मोठं आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट जन्मभर क्योनिग्सबर्ग आणि त्याच्या आसपासच राहिला, आणि तिथल्या विद्यापीठात चाळीसएक वर्षं भूगोलावर व्याख्यानं देत होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं त्याने असं काही वर्णन केलं की ऐकणाऱ्या इंग्रजाने विचारलं, आपण लंडनला किती वर्षं होतात? अशी आख्यायिका आहे. कांटला एलएफसी नव्हती. असती तर त्यानेही रोखीतच घेतली असती.

तर आता मुद्दा टीकेचा. घरी बसणाऱ्याने कुणाच्या पाठीवर बसून जग पाहावं? मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही; वाचनालयात त्यांचं एक अख्खं कपाट आहे आणि ते कादंबऱ्यांच्या कपाटापेक्षा कमी झिजलेलं नाही. त्यांची पारख करायला माझी कसोटी मावंद्याची. लेखक परत आला, त्याने पान मांडलं का, आणि पानात काय वाढलं?

पुष्कळ पुस्तकांत वाढलेलं असतं ते फक्त वेळापत्रक. सकाळी सहाला हॉटेलवाल्याने फोन करून उठवलं, सातला नाश्ता झाला, आठला बसमध्ये बसलो, साडेनऊला चर्च पाहिलं, ते फार भव्य होतं. अशा पुस्तकाला प्रवासवर्णन म्हणणं बरोबर नाही. ते प्रवासभत्त्याचं बिल आहे. फक्त ते बँकेकडे पाठवण्याऐवजी वाचकाकडे पाठवलं आहे. आणि बिलात निदान रक्कम तरी खरी लिहावी लागते. इथे तीही नसते. कारण कशाला किती पैसे पडले हे सांगणं आपल्याकडच्या सुसंस्कृत प्रवाशाला कमीपणाचं वाटतं.

पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ 1960 साली आली. बीबीसीत शिकायला गेलेला माणूस, बरोबर सुनीताबाई. परकी चलन दुर्मीळ होतं आणि विलायत पाहून आलेला माणूस गल्लीत एखादाच असायचा, अशा वेळचं ते पुस्तक. ते वाचताना मला नेहमी वाटतं की लेखक उभा लंडनमध्ये आहे, पण तोंड आपल्याकडे करून उभा आहे. समोरच्या इमारतीकडे बघता बघता, ही पाहून पार्ल्याच्या माणसाला काय वाटेल, हे तो आधी बघून घेतो. काही जाणकार यावर नाक मुरडतात. त्यात परदेश कमी आणि पार्लं जास्त, असं त्यांचं म्हणणं. तक्रार खोटी नाही. पण पंगतीत वाढप्याने पानावरच्या माणसाकडेच बघायचं असतं. तो खिडकीतून बाहेरचा देखावा बघत बसला तर वरण मांडीवर सांडतं. खरा त्रास नंतरच्या लोकांनी दिला. पॅरिसमध्ये बटाटेवड्याची आठवण काढली की विनोदी प्रवासवर्णन तयार होतं, असा त्यांनी समज करून घेतला. मग त्या वड्याने जगातली एकही राजधानी सोडली नाही.

आता एकट्याने जाण्याची चाल आली आहे. तिला ‘सोलो’ म्हणतात. डोंगराच्या कड्यावर दोन्ही हात पसरून एक पाठमोरा माणूस उभा असतो आणि खाली लिहिलेलं असतं की मी, डोंगर आणि माझं एकटेपण. मला पहिला प्रश्न पडतो तो हा की फोटो काढला कोणी? आमच्याकडे अंगठ्याला साक्षीदार लागतो, तसा या एकटेपणालाही लागत असावा.

पण थट्टा सोडली तर एकटं जाण्यात एक मोठा फायदा आहे, आणि तो मला मीना प्रभुंच्या पुस्तकांत दिसला. 2025 साली त्या वारल्या. पेशाने डॉक्टर, संसार लंडनला, आणि दक्षिण अमेरिकेपासून इराणपर्यंत बऱ्याच मुलखांत एकट्या फिरल्या. त्यांची पुस्तकं जाड आहेत. मधूनमधून इतिहास असा दाटून येतो की आपण परीक्षेला बसलो आहोत असं वाटायला लागतं, आणि अशा वेळी मी चार पानं पुढे सरकलो आहे, हे सांगून टाकतो. पण बाई एकटी, भाषा परकी. समोर जो येईल त्याच्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. टोळीने गेलेली माणसं टोळीशीच बोलतात. परतल्यावर त्यांना त्या देशातलं एकही माणूस आठवत नाही, बसमध्ये कोणाला उलटी झाली ते आठवतं. एकटीला बोलायला दोनच माणसं: वाटेत भेटलेलं आणि घरी वाचत बसलेलं. ‘दक्षिणरंग’ वाचताना मला जी सोबत वाटली, ती चाळीस जणांच्या सहलीच्या पुस्तकात वाटली नाही, त्याचं कारण हेच असावं.

तरीसुद्धा घरी बसणाऱ्याची एक अडचण उरतेच. लेखक सांगेल ते खरं धरून चालावं लागतं. मी काही इराणला जाऊन ताळा करणार नाही. यावर उपाय मला माझ्या धंद्यानेच सुचवला. बँकेत ऑडिटर येतो तेव्हा तो सगळी व्हाउचरं तपासत नाही. गठ्ठ्यातून पाच-दहा उपसतो आणि त्यांवरून शाखेची लायकी ठरवतो. तसं एक व्हाउचर माझ्या हाती लागलं आहे. त्याचं नाव सूर्यमाळ.

गेली तीन वर्षं मी मोखाडा तालुक्यातल्या एका शाखेत आहे आणि खोली घेऊन राहतो सूर्यमाळला. पालघर जिल्ह्यातल्या उंच जागांपैकी ही एक. (2014 पर्यंत हा ठाणे जिल्हा होता आणि काही पुस्तकांत तो अजून तसाच आहे.) मुंबईहून येणारा कसाऱ्याला उतरतो आणि विहीगाववरून खोडाळ्याकडे येतो. विहीगावच्या धबधब्याला ‘अशोका’ म्हणतात. सम्राटाचा तिथे काही संबंध नाही. 2001 साली आलेल्या शाहरुख खानच्या सिनेमातलं गाणं तिथे चित्रित झालं, एवढंच. पण एवढ्यावर थांबेल तो प्रवासवर्णनकार कसला! आणखी पन्नास वर्षांनी तिथे शिलालेख सापडल्याशिवाय राहणार नाही.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी मंडळी येतात. नाव सूर्यमाळ असलं तरी त्या दिवसांत सूर्याचा पत्ता नसतो, नुसता माळ असतो, आणि तोही धुक्यामुळे पाच हातांपलीकडे विश्वासावर घ्यावा लागतो. मंडळी भिजतात, भजी खातात आणि अंधार पडायच्या आत घाट उतरतात. मग लिहितात. त्यांनी लिहिलेलं मी आवडीने वाचतो, कारण या एकाच ठिकाणाबाबत मी जाणकार आहे. निसर्गाच्या कुशीत वसलेलं गाव, धरतीने नेसलेला हिरवा शालू, निरागस आदिवासी, इथे काळ थांबला आहे. आता तीन वर्षं पाहतो आहे. इथे थांबते ती एसटी, आणि तीसुद्धा वेळेवर हात केला तर. वर्षाचे तास 8760. पाहुणे राहिले दोन. उरलेल्या 8758 तासांची व्हाउचरं कुणी मागितलीच नाहीत. या एका नमुन्यावरून मी साऱ्या जगासाठी दर ठरवून टाकला आहे. प्रवासवर्णनात ‘निरागस’ हा शब्द आला की तिथून पुढे निम्मं वजा.

त्या 8758 तासांत पुष्कळ घडामोडी होतात. उदाहरणार्थ, पाणी प्रवासाला जातं. इतका पाऊस पिऊनसुद्धा या तालुक्याच्या घशाला मार्चनंतर कोरड पडते आणि पाड्यांवरच्या बायका टँकरसाठी हंडे रांगेला लावतात. याच तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण झालं, ते 2014 पासून मुंबईची तहान भागवतं आहे. हे पाणी असं काशीला गेलेलं की मावंद्यालाही परत येत नाही.

आणि माणसंही जातात. भात, नागली, वरई हाती आली, दिवाळी झाली, की एकेका पाड्यावरची दारं बंद व्हायला लागतात. वसई, भिवंडी, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर, नाहीतर बांधकामांवर. मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती अंगमेहनतीने फेडायची आणि तोवर आठवड्याच्या खर्चीवर भागवायचं. होळीला घरी यायचं, काहींनी पुन्हा जायचं, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. याला इथे कोणी प्रवास म्हणत नाही. ‘जगायला जातो’ म्हणतात. तालुक्यातली सगळ्यांत फिरलेली माणसं ती हीच, आणि वाचनालयाच्या त्या अख्ख्या कपाटात यांच्यापैकी एकाचंही पुस्तक नाही.

होळीच्या आठवड्यात काउंटरवर गर्दी असते. अशाच गर्दीत पैसे काढायला आलेल्या एका म्हातारीची स्लिप भरता भरता मी विचारलं,

‘यंदा कुठं होता, आजी?’

‘वसईकडं, साहेब.’

‘कसं आहे गाव?’

‘पानी लांब. मालक खर्ची टायमावर देतो, पन मुकादम इटा मोजताना खातो.’

प्रवासवर्णन संपलं. पाणी, पैसा आणि माणूस, तिन्ही आले. शालू कुठे आला नाही. मी मनातल्या मनात वाहवा म्हणतो आहे तोवर आजींचं लक्ष माझ्या टेबलावरच्या पुस्तकाकडे गेलं.

‘कसलं हाय?’

‘एक बाई एकटीच लांबच्या देशाला गेल्या होत्या. त्याचं आहे.’

‘एकटी? उचल किती घेतली व्हती?’

‘उचल नाही, आजी. स्वतःचे पैसे घालून गेल्या.’

‘मंग काम काय व्हतं?’

‘काम नाही. बघायला.’

आजींनी मुखपृष्ठ नीट न्याहाळलं, अंगठा उठवला आणि निघता निघता म्हणाल्या, ‘घरी कोनी बोललं असंल तिला.’

हसायचं काही कारण नाही. मराठीतलं जे प्रवासवर्णन मी सगळ्यांच्या वर ठेवतो, ते उचल फेडण्याच्या पायीच झालेलं आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरच्या कर्जाने गांजले होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळणार आहे, अशी बातमी आली, तेव्हा ते काकांना बरोबर घेऊन 1857 साली घराबाहेर पडले. म्हणजे जगायलाच गेले. साल निवडण्यात मात्र त्यांचं नशीब फिरलं होतं. वाटेत बंडाचा वणवा पेटला, आणि यज्ञाच्या दक्षिणेवर डोळा ठेवून निघालेला हा भिक्षुक 1858 साली झाशीच्या वेढ्यात सापडला. लुटला गेला, उपाशी राहिला, पुन्हा चार पैसे जमवले, पुन्हा लुटला गेला. शेवटी घरी आणलं काय, तर आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड. पुढे पंचवीसएक वर्षांनी सगळं लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 साली छापलं तेव्हा हात फिरवून छापलं. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली पुढे आणला.

त्या पुस्तकात झाशीची राणी आहे आणि कुठे किती दक्षिणा मिळाली तेही आहे. दोन्ही एकाच शाईने लिहिलेलं. मला ते पुस्तक खरं वाटतं ते त्या दक्षिणेच्या आकड्यांमुळे. ज्याने पै-पैचा हिशेब ठेवला, तो तोफगोळ्यांच्या बाबतीत लांडीलबाडी करील असं माझ्यातल्या कारकुनाला पटत नाही.

पंडिता रमाबाईंचीही हीच तऱ्हा. लहानपणी आईबापांबरोबर पुराणं सांगत देशभर पायी हिंडल्या आणि त्या हिंडण्यातच दुष्काळाने आईबाप नेले. एवढी पायपीट झालेली बाई पुढे अमेरिकेला गेली आणि 1889 साली त्या देशावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यात देखाव्यांपेक्षा, तिथल्या बायका शिकतात कुठे आणि कमावतात काय, याची चौकशी जास्त आली तर नवल नाही. इथल्या बायकांसाठी जे वाढून आणायचं होतं तेच त्यांनी शोधलं.

हौशीने निघालेला माणूस काय पाहायचं ते घरून ठरवून निघतो. पोटासाठी गेलेल्याला जिथे ठेच लागेल तिथे बघावं लागतं. याचा अर्थ आपल्या प्रवासी लेखकांना एकेक मोसम वीटभट्टीवर पाठवावं असा मुळीच नाही. दोन-तीन जणांच्या बाबतीत तो विचार माझ्या मनात येऊन गेला, ही गोष्ट वेगळी.

आणि जसा एकटा जाणारा हौसेचाही असतो आणि गरजेचाही, तसाच घरी बसून जग ऐकणाराही दोन्ही प्रकारचा असतो, हे मला सूर्यमाळला कळलं. माझ्या खोलीच्या शेजारी सहावीतला एक मुलगा आहे. आईबाप भट्टीवर जातात, तेव्हा हा आश्रमशाळेत राहतो आणि सुटीला चुलत्याकडे येतो. एका संध्याकाळी त्याने मला वसई सांगितली. भट्टी रुळांच्या कुठल्या बाजूला, रात्री मालगाडी गेली की झोपडीतली भांडी कशी वाजतात, खाडीकडून वारा आला की वास कसला येतो, हापसा किती पावलांवर आणि त्याच्यावर भांडण कोण काढतं. मी त्याला म्हटलं, ‘किती दिवस राहिलास तिथे?’

‘मी नाय गेलो, सर. आई सांगते होळीला.’

होळीच्या रात्री मुलगा आईला झोपू देत नाही म्हणे. एकेक प्रश्न विचारून तिच्याकडून सगळी भट्टी काढून घेतो. आधी तोही जायचा बेत होता. पण धाकट्या भावाला सांभाळायला बहिणीला नेलं, म्हणून हा शाळेत राहिला. बहीण चौथीत आहे. म्हणजे तिचं नाव चौथीच्या हजेरीत आहे. यंदा ती आल्यावर आईची भट्टी आणि बहिणीची भट्टी वेगवेगळी निघाली, असं तो सांगत होता. आईच्या भट्टीत विटा आहेत. बहिणीच्या भट्टीत एक कुत्री आहे, तिची चार पिल्लं आहेत आणि रुळांपलीकडे एक शाळा आहे, तिची घंटा ऐकू येते.

एवढं ऐकल्यावर माझ्याकडूनही काहीतरी वाढणं भाग होतं. मी त्याला दक्षिण अमेरिका सांगायला घेतली. नद्यांपासून सुरुवात केली. म्हटलं, तिथे अ‍ॅमेझॉन नावाची नदी आहे, जगातली कुठलीही नदी वाहून नेत नाही एवढं पाणी ती एकटी वाहून नेते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला,

‘एवढं पाणी कुठल्या शहराला जातं, सर?’